मुलांना होणारा लाइम आजार: गोचीड सापडल्यापासून औषध पूर्ण होईपर्यंत

धाकटीचे केस विंचरताना तिच्या डाव्या कानामागे लालसर डाग दिसला, तेव्हा डास चावला असेल म्हणून मी सोडून दिलं. तिला खाज नव्हती, दुखत नव्हतं, ताप नव्हता. तीन दिवसांनी पुन्हा वेणी घालायला बसले, तर तोच डाग कानामागून मानेवर उतरलेला. कड जरा गडद, आतला भाग फिका, आणि हात लावला तर आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित गरम. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "झाडीत कधी गेला होतात?" मला तारीख आठवेना. फोनमधले सहलीचे फोटो उघडून बघितलं, तर अकरा दिवस झाले होते. डॉक्टरांनी रक्त तपासायला न पाठवता थेट औषध लिहून दिलं.

तेव्हा मला ते घाईचं वाटलं. पुढे बरंच वाचल्यावर आणि विचारल्यावर कळलं की तेच बरोबर होतं. लाइम हा तारखांचा आजार आहे. गोचीड कधी चिकटली, डाग कितव्या दिवशी आला, कितीने वाढला, यावर निदान ठरतं, आणि ही माहिती आईवडिलांकडेच असते. म्हणून हा लेख दिवसांच्या क्रमाने लिहिला आहे.

आजार येतो कुठून

लाइमचा जीवाणू पिळदार, बोरेलिया जातीचा. अमेरिकेत मुख्यतः बोरेलिया बर्गडॉर्फेरी, तर युरोपात बोरेलिया अफ्झेली आणि बोरेलिया गारिनी जास्त आढळतात. तो माणसात येतो इक्सोडिस जातीच्या गोचिडीतून. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा गोचिडीत हा जीवाणू नसतो. उंदरासारख्या छोट्या प्राण्याचं किंवा पक्ष्याचं रक्त पिताना तो तिच्यात येतो. हरणांवर या गोचिडी पोसल्या जातात, पण हरणापासून त्यांना लागण होत नाही. त्यामुळे 'इथे हरणं दिसत नाहीत, म्हणजे भीती नाही' हा हिशेब चुकीचा आहे.

अमेरिकेचा ईशान्य भाग आणि वरचा मध्यपश्चिम, कॅनडाचा दक्षिण पट्टा, मध्य आणि उत्तर युरोप, तिथून रशियामार्गे आशियाच्या काही भागापर्यंत हा आजार आहे. तुम्ही तिथे राहत असाल किंवा मुलांना घेऊन सुट्टीत तिथे जाऊन आला असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. परतल्यावर दुसऱ्या देशातल्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर प्रवासाचं आपणहून सांगा. त्यांच्या भागात हा आजार नसेल तर त्यांच्या डोक्यात तो येणारच नाही.

या आजाराचा शोधही मुलांमुळेच लागला. १९७५ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम या शेजारशेजारच्या गावांत मुलांचे गुडघे सुजू लागले. इतक्या मुलांना एकदम संधिवात कसा होईल, हा प्रश्न दोन आयांनी लावून धरला. त्यातल्या पॉली मरे यांनी घरातल्या सगळ्यांच्या तक्रारींच्या नोंदी ठेवल्या होत्या. येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ५१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात ३९ मुलं होती. गोचिडीच्या आतड्यातला जीवाणू १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना सापडला, आणि त्याला त्यांचंच नाव मिळालं. मला या गोष्टीत मोलाची वाटते ती त्या आईची वही.

दिवस पहिला: अंग तपासा

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसते आणि कुणी घासून गेलं की पकडते. मग अंगावर चढत जाऊन ऊबदार, मऊ, झाकलेली जागा शोधते. मुलांना सगळ्यात जास्त लागण होते ती अर्धवट वाढलेल्या गोचिडीकडून. तिचा आकार खसखशीच्या दाण्याएवढा. पूर्ण वाढलेली तिळाएवढी. वसंताच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत या खसखशीएवढ्यांचा सुळसुळाट असतो. तिच्या चाव्याची वेदना होत नाही, त्यामुळे मूल तक्रार करेल याची वाट बघू नका.

बाहेरून आल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ घाला आणि कपडे काढलेले असतानाच चांगल्या उजेडात अंग बघा. डोक्यापासून सुरुवात करा: केसांचे भांग पाडत टाळू, कानामागे आणि कानाच्या पाळीच्या आत, मानेवरची केसांची रेषा. मग काखा, बेंबीच्या आत, कमरेला इलॅस्टिक बसतं तो पट्टा, जांघा, गुडघ्यामागची खोबण, पायांच्या बोटांमधली जागा. नुसतं बघू नका, बोटांनी चाचपा. तीळ किंवा मळाचा कण वाटला तर नखाने हलकेच सरकवून बघा. मळ निघून येतो, तीळ कातडीत सपाट असतो, आणि गोचीड एका टोकाने रुतलेली असते, भिंगातून पाय दिसतात. अंगावर फिरणारी, न रुतलेली गोचीड सापडली तर काढून टाकली की झालं; चावलीच नसेल तर लागण नाही.

कपडे धुण्याआधी कोरडेच ड्रायरमध्ये चांगल्या उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा. नुसतं धुतल्याने गोचिडी मरतीलच असं नाही, कोरड्या उष्णतेने मरतात.

काढायची कशी

बारीक टोकाचा चिमटा घ्या. कातडीला अगदी टेकवून गोचिडीचं तोंड जिथे रुतलंय तिथे पकडा. फुगलेलं पोट पकडू नका. मग सरळ वर, एकसारख्या हळू ताणाने ओढत राहा. कातडी तंबूसारखी वर उचलली जाते आणि काही सेकंदांनी गोचीड सुटते. झटका देऊ नका, पिळू नका. सोंडेचा तुकडा कातडीत राहिला आणि सहज निघत नसेल तर तसाच राहू द्या; कातडी त्याला आपोआप बाहेर टाकते, आणि त्या तुकड्यामुळे लाइम होत नाही. सुईने कोरत बसण्यात मुलाचे हाल आहेत. नंतर जागा आणि हात साबणाने किंवा स्पिरिटने पुसा.

व्हॅसलीन फासणं, नेलपॉलिश लावणं, तेल ओतणं, काडीचा चटका देणं, यातलं काहीही करू नका. यात वेळ जातो, आणि वेळ हीच इथली मुख्य गोष्ट आहे. जीवाणू गोचिडीच्या आतड्यात असतो. तिथून लाळेत येऊन मुलाच्या अंगात उतरायला साधारणपणे चोवीस तासांहून जास्त लागतात. त्याआधी गोचीड निघाली तर लागणीची शक्यता फारच कमी. म्हणून रोजची तपासणी हाच खरा बचाव.

काढलेली गोचीड चिकटपट्टीखाली दाबून कागदावर चिकटवा, किंवा तिचा जवळून फोटो काढा. त्यावर तारीख, अंगावरची जागा आणि शेवटचं झाडीत कधी गेलात ते लिहा. गोचीड प्रयोगशाळेत पाठवून 'तिच्यात जीवाणू आहे का' हे तपासण्यात अर्थ नाही: असला तरी तो मुलात उतरलाच असं नसतं, आणि दुसरीच एखादी न दिसलेली गोचीड चावून गेलेली असू शकते.

पहिले तीन दिवस: एकाच डोसचा प्रश्न

गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा एकच डोस दिला तर आजार टळू शकतो. हा डोस प्रत्येक चाव्याला द्यायचा नसतो. गोचीड इक्सोडिस जातीचीच असावी, भाग लाइमचा जास्त प्रादुर्भाव असलेला असावा, आणि ती ३६ तास किंवा त्याहून जास्त चिकटलेली असावी. तिन्ही गोष्टी जुळल्या तर डॉक्टर मुलाच्या वजनाप्रमाणे किलोला ४.४ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम, एकदाच देतात. नाही जुळल्या तर नुसतं लक्ष ठेवायचं. घरात उरलेलं एखादं अँटिबायोटिक 'असू दे' म्हणून चार दिवस देणं हा मधला मार्ग नाही. त्याने काहीच धड होत नाही.

तिसऱ्या दिवसापासून तिसाव्यापर्यंत: चट्टा

लागण झालेल्या दहातल्या सात-आठ जणांना चट्टा येतो. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत, बहुधा आठवड्याभराने. वेगवेगळ्या दिवशी कसा दिसतो हे माहीत असेल तर चुकत नाही.

चावल्यावर एक-दोन दिवसांतच तिथे लाल, खाजरी, छोटी गांधी आली असेल तर ती गोचिडीच्या लाळेची प्रतिक्रिया. ती पाच सेंटीमीटरच्या आत राहते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. लाइमचा चट्टा याच्या उलट वागतो: उशिरा येतो आणि रोज पसरतो. पाच सेंटीमीटर ओलांडतो, आठवड्या-दोन आठवड्यांत तीस सेंटीमीटरपर्यंतही जाऊ शकतो. बहुधा खाजत नाही, दुखत नाही, हाताला थोडा गरम लागतो.

सगळ्या चित्रांत दाखवतात ते नेमबाजीच्या लक्ष्यासारखं वर्तुळ, म्हणजे मधे लाल ठिपका, मग फिकी जागा, मग लाल कडं. तसा चट्टा प्रत्यक्षात थोड्याच मुलांत दिसतो. पुष्कळांचा चट्टा सरसकट लाल, लंबगोल आणि एकसारखा असतो. 'वर्तुळ नाही, म्हणजे लाइम नाही' या समजुतीने आठवडे वाया जातात. आणि आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर तो लाल दिसेलच असं नाही. जांभळट, तपकिरी, मार लागल्याच्या डागासारखा दिसतो. दिवसाच्या उजेडात बघा आणि हाताने तपमान पाहा. मुलांमध्ये तो डोक्यावर आणि मानेवर मोठ्यांपेक्षा जास्त वेळा येतो, केसांत लपतो.

गजकर्णाशी गल्लत फार होते. गजकर्णाच्या कडेला कोंड्यासारखी सालं सुटतात, खाज असते आणि ते आठवड्यांच्या हिशेबाने वाढतं. लाइमचा चट्टा गुळगुळीत आणि दिवसांच्या हिशेबाने वाढतो. अंगावर पित्त उठलं तर ते काही तासांत जागा बदलतं. युरोपातल्या लागणीत कधी कधी मुलांच्या कानाच्या पाळीला निळसर-लाल, मऊ गाठ येते, तेही लाइमच.

शंका आली की साध्या पेनाने चट्ट्याच्या कडेने रेघ ओढा, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि चोवीस तासांनी पुन्हा काढा. पण त्यासाठी डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका. रेघ डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडते. सोबत कणकण, डोकेदुखी, अंगदुखी, गळून जाणं असू शकतं. उन्हाळ्यात खोकला-सर्दी नसताना आलेला असा 'फ्लू' संशयास्पद समजा.

रक्ततपासणी कधी, कधी नाही

वाढता चट्टा आणि लाइमच्या भागात वावर, एवढ्यावर निदान होतं. त्या वेळी रक्त तपासू नये, कारण तपासणी जीवाणू शोधत नाही, शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती पुरेशी बनायला काही आठवडे जातात. पहिल्या आठवड्यातली निगेटिव्ह चाचणी दाखवून 'काही नाही' असं कुणी म्हणालं, तर तो निष्कर्ष टिकत नाही.

चट्टा नसेल आणि पुढे सांगितलेली लक्षणं असतील तेव्हा मात्र चाचणी हवीच. ती दोन टप्प्यांत होते: आधी एलायझासारखी चाचणी, ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तरच दुसरी. दुसरी वेस्टर्न ब्लॉट असेल, ज्यात प्रतिद्रव्यं पट्ट्यांच्या रूपात दिसतात, तर आयजीजीच्या, म्हणजे उशिरा बनून टिकणाऱ्या प्रतिद्रव्यांच्या, दहापैकी निदान पाच पट्ट्या दिसाव्या लागतात. निरोगी माणसातही एखाद-दोन पट्ट्या असतात. आयजीएमच्या, म्हणजे सुरुवातीला बनणाऱ्या प्रतिद्रव्यांच्या, तीनपैकी दोन पट्ट्यांना अर्थ आहे तो आजाराच्या पहिल्या चार ते सहा आठवड्यांतच. अहवाल हातात आल्यावर हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि बरं झाल्यावर 'गेलं का बघू' म्हणून पुन्हा चाचणी करू नका. प्रतिद्रव्यं महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात.

चट्ट्याचं औषध

तीन औषधं चालतात: डॉक्सिसायक्लिन दहा दिवस, किंवा अमॉक्सिसिलिन चौदा दिवस, किंवा सेफ्युरोक्झिम चौदा दिवस. मात्रा वजनावर ठरते. वीस किलोच्या मुलाचं उदाहरण घेऊ. अमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम, तीन भागांत. प्रत्येक वेळी साधारण ३३३. डॉक्सिसायक्लिन दिवसाला किलोमागे ४.४, म्हणजे ८८ मिलिग्रॅम, दोन भागांत. सेफ्युरोक्झिम किलोमागे ३०, म्हणजे ६०० मिलिग्रॅम, दोन भागांत. वजन कितीही असलं तरी एका वेळी अमॉक्सिसिलिन आणि सेफ्युरोक्झिम ५०० च्या वर आणि डॉक्सिसायक्लिन १०० च्या वर जात नाही. हे आकडे चिठ्ठीतली मात्रा समजून घेण्यासाठी आहेत. औषध डॉक्टरांनीच ठरवायचं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा.

आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिन देऊ नये, दात पिवळे पडतात, असं आपण ऐकत आलो. ते जुन्या टेट्रासायक्लिनच्या अनुभवावरून आलेलं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं आताचं मत असं की २१ दिवसांपर्यंतचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स कुठल्याही वयात देता येतो. ते घेताना पेलाभर पाणी प्यायला द्या आणि नंतर अर्धा तास मुलाला आडवं होऊ देऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. लोहाचं औषध आणि अँटासिड त्याच वेळी देऊ नका. कोर्स चालू असेपर्यंत ऊन टाळा, कातडी लवकर भाजते.

पातळ औषध असेल तर बाटली हलवून, सिरिंजने मोजून द्या. घरातल्या चमच्याचा भरवसा नाही. पहिल्या डोसनंतर चोवीस तासांत काही मुलांना ताप चढतो, थंडी वाजते, चट्टा जास्त लाल दिसतो. जीवाणू मरताना असं होतं, एखाद्या दिवसात निवतं. औषध बंद करू नका. मात्र अंगावर गांध्या, ओठ-चेहरा सुजणं, श्वासाला त्रास, ही ॲलर्जी आहे, लगेच दवाखाना गाठा. आणि दोन दिवस औषध घेऊनही मोठा ताप उतरत नसेल तर डॉक्टरांना कळवा. त्याच गोचिडीतून ॲनाप्लाझ्मा किंवा बाबेसिया हे दुसरे आजारही येऊ शकतात. बाबेसियावर ही औषधं चालत नाहीत.

आठवडे उलटल्यावर

चट्टा आलाच नाही किंवा दिसलाच नाही, तर जीवाणू रक्तातून पसरतो. मग अंगावर एकाच वेळी अनेक चट्टे उठू शकतात. उपचार तोंडावाटे तेच.

तोंड वाकडं होणं हे मुलांमधलं मोठं लक्षण. सकाळी उठून मूल हसतं आणि एकच बाजू वर जाते, एक डोळा पुरता मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळतं. उन्हाळ्यात, लाइमच्या भागात, मुलाचं तोंड वाकडं झालं की लाइमचा विचार व्हायलाच हवा, आणि दोन्ही बाजू एकदम लुळ्या पडल्या तर अधिकच. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १४ ते २१ दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. औषध पुढची गुंतागुंत टाळण्यासाठी असतं. चेहरा आपल्या गतीने, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेक मुलांचा पूर्ववत होतो. तोपर्यंत उघड्या राहणाऱ्या डोळ्याला जपा: दिवसा डोळे ओले ठेवणारे थेंब, रात्री मलम घालून पापणी अलगद पट्टीने बंद.

अनेक दिवस रेंगाळणारी डोकेदुखी, मान आखडणं, उजेड सहन न होणं, उलट्या, दुहेरी दिसणं, यात मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, थोड्या धावण्याने धाप लागणं, यात हृदयाच्या ठोक्यांचा मार्ग अडलेला असू शकतो. या दोन्हींत सकाळपर्यंत थांबू नका, रुग्णालयातच न्या. ईसीजी साधी तपासणी आहे, आग्रहाने करून घ्या. गरजेप्रमाणे शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन किंवा तोंडावाटे औषध, १४ ते २१ दिवस. हृदयावर परिणाम क्वचितच होतो आणि वेळेत उपचार झाले तर ठोके पूर्ववत होतात.

गुडघा सगळ्यात शेवटी येतो, चाव्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. गुडघ्यात पाणी भरून तो नारळासारखा गोल होतो, पण मूल त्यावर लंगडत का होईना चालतं. सूज खूप, दुखणं त्यामानाने कमी, हा विसंवादच खूण आहे. मूल पाय टेकवूच देत नसेल आणि ताप असेल, तर सांध्यात पू झाल्याची शक्यता आधी धरतात. ती तातडीची अवस्था, काही तासांत सांधा खराब होऊ लागतो. लाइमच्या सांध्याला तोंडावाटे औषध २८ दिवस. त्यानंतरही सूज राहिली तर दुसरा कोर्स देतात, आणि तरीही राहिली तर जीवाणू संपून गेल्यावर उरलेली ती सूज असते. तिथे संधिवाततज्ज्ञांची औषधं लागतात, आणखी अँटिबायोटिक नाही.

औषध संपल्यावर

बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. काहींना थकवा, सांधेदुखी, लक्ष न लागणं काही आठवडे, क्वचित महिने राहतं. मूल नाटक करत नाहीये, हे शाळेला समजावून सांगा आणि खेळ हळूहळू वाढवा. या काळात घाबरलेल्या आईवडिलांना महिनोन्महिने चालणारी अँटिबायोटिकं विकणारे भेटतात. लांबवलेल्या औषधांनी फायदा होत नाही हे नीट तपासून झालेलं आहे, आणि शिरेतल्या नळीचा जंतुसंसर्ग, आतड्याला घातक जुलाब हे धोके खरे आहेत. लक्षणं रेंगाळली तर दुसरं कारण शोधायला सांगा.

लाइम एका मुलापासून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे भावंडांना वेगळं ठेवायची गरज नाही. पण तेही त्याच झाडीत गेले असतील, तर त्यांचं अंग तपासा. एकदा होऊन गेलं म्हणजे संरक्षण मिळालं असंही नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा होऊ शकतो. लायमेरिक्स नावाची लस होती, ती २००२ मध्ये बाजारातून काढून घेतली गेली. ती मुलांसाठी नव्हतीच.

त्यामुळे आता आमच्याकडे झाडीत जायच्या आदल्या दिवशी बूट आणि मोजे गॅलरीत वाळत पडलेले असतात, ०.५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारून. ते कपड्यांनाच लावायचं, अंगाला नाही. अंगाच्या उघड्या भागाला १० ते ३० टक्के डीईईटी, हे किडे दूर ठेवणारं औषध. दोन महिन्यांखालच्या बाळाला ते चालत नाही, आणि लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखाली नाही. पँट मोज्यात खोचलेली, केस बांधलेले. आणि परतल्यावर कॅलेंडरच्या त्या चौकोनात पेन्सिलीने एक फुली. तिथून तीस दिवस मोजून दुसरी.